लेडलॉ घराणे

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमाभागातील एट्रिक खोऱ्यातून १८१८ मध्ये अप्पर कॅनडात (आताचे ओंटारिओ) जाऊन शेतीत स्थिरावलेले मेंढपाळ घराणे. नोबेल पारितोषिक (२०१३) मिळालेल्या कथालेखिका ॲलिस मन्रो (१९३१–२०२४) या माहेरच्या लेडलॉ. आपल्या पूर्वजांवर त्यांनी ‘द व्ह्यू फ्रॉम कॅसल रॉक’ (२००६) हे पुस्तक लिहिल्यामुळे घराण्याचे नाव सर्वदूर पोहोचले. कॅनडातील स्कॉटिश वसाहतकरी शेतकऱ्यांचा माग दप्तरांतून कसा काढावा, हे समजून घ्यायलाही हे घराणे सोयीचे आहे. त्याच्यापाशी पत्रे आहेत, रोजनिशी आहे, कथाही आहेत. तरीही कोण कोणाचा मुलगा हा प्रश्न शेवटी जमिनीच्या रूक्ष कागदांपाशीच येतो.

एट्रिकचे मेंढपाळ जमिनीचे धनी नव्हते. बड्या जमीनदारांच्या कुरणांवर ते राबत आणि ज्या वाडीवर राहत तिच्या नावाने ओळखले जात. घराण्याचा विख्यात पूर्वज विल लेडलॉ हा ‘फॉपचा विल’ म्हणूनच लोकांच्या तोंडी होता. त्याच्या चपळाईच्या आणि धावण्याच्या गोष्टी खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जात. त्याची मुलगी मार्गारेट ही कवी-कादंबरीकार जेम्स हॉग याची आई. वॉल्टर स्कॉटला जुने पोवाडे ऐकवणाऱ्यांत तीही होती. १८१८ मध्ये निघालेल्या जेम्स लेडलॉचा हॉग नात्याने भाऊ लागे.

स्कॉटलंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधीची भिस्त चर्चच्या परगणानिहाय वह्यांवर. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचे नाव आणि वाडी सापडते, आईचे नाव मात्र अनेकदा गाळलेले असते. १८५५ नंतर मायदेशी मेलेल्या भावंडांचे दाखले इथे उपयोगी पडतात, कारण त्यांत मृताच्या आईबापांची नावे लिहिण्याची पद्धत होती. परदेशी गेलेल्याची आई कोण, हे कधी कधी मागे राहिलेल्या बहिणीच्या मृत्यूच्या दाखल्यावरून कळते.

नावांचा घोळ हा स्कॉटिश कुळांचा कायमचा ताप. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याचा प्रघात होता. परिणामी एका टाउनशिपमध्ये एकाच वेळी तीन-तीन जेम्स नांदत. लेडलॉंमध्ये जेम्स, विल्यम, रॉबर्ट, वॉल्टर, थॉमस ही नावे फिरून फिरून येतात. मन्रो यांचे वडील रॉबर्ट, आजोबा विल्यम, पणजोबा थॉमस आणि त्यांचेही वडील पुन्हा विल्यम. नुसत्या नावावर वंशवृक्ष रचणाऱ्याची इथे हमखास फसगत होते.

१८१८ मध्ये हॉगचा हा भाऊ जेम्स मुलासुनांसह लीथ बंदरातून क्वेबेककडे निघाला. क्वेबेकला उतरणाऱ्यांच्या याद्या पद्धतशीर जपल्या गेल्या त्या १८६५ पासून, त्यामुळे आधीच्या बहुतेक कुटुंबांना आपले जहाज कोणते हे कधीच कळत नाही. लेडलॉ या बाबतीत नशीबवान, कारण जेम्सचा मुलगा वॉल्टर याने प्रवासात रोजनिशी लिहिली. कॅनडातून जेम्सने धाडलेले पत्र हॉगने ‘ब्लॅकवुड्स’ मासिकात छापवले. आपले खासगी लिखाण असे चव्हाट्यावर आल्याचा म्हाताऱ्याला संताप आला आणि तोही त्याने ‘कलोनियल ॲडव्होकेट’ या तिथल्या पत्रात छापूनच व्यक्त केला. घराण्याला लेखणीची खोड तेव्हापासूनची असावी.

कुटुंब हॅल्टन काउंटीतील एस्केसिंग टाउनशिपमध्ये वसले. हा प्रदेश मिसिसागा लोकांचा होता. ऑक्टोबर १८१८ मधील एजेटन्स कराराने सुमारे ६,४८,००० एकर जमीन सरकारकडे गेली आणि १८१९ मध्ये एस्केसिंगची मोजणी झाली. वसाहतकऱ्यांच्या वंशावळी सहसा जमिनीच्या पहिल्या अर्जापासून सुरू होतात. त्याच्या आधीचा हा करार त्याच जमिनीचा कागद असूनही त्यांत क्वचितच येतो.

मोजणीने टाउनशिपचे लांबट पट्टे पाडले. पट्ट्याला कन्सेशन आणि त्यातल्या तुकड्याला लॉट म्हणत. एस्केसिंगच्या धर्तीच्या मोजणीत लॉट २०० एकरांचा असे आणि तो १०० एकरांच्या पूर्व व पश्चिम अर्ध्यांत वाटला जाई. शोध घेणाऱ्याने ‘पूर्व’ की ‘पश्चिम’ हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. त्या एका शब्दाच्या चुकीने शेजाऱ्याचा वंश आपल्या गळ्यात पडतो. जमीन हवी असलेला माणूस यॉर्कच्या (आताचे टोरांटो) सरकारकडे अर्ज करी. तो कुठून आणि केव्हा आला, हे पुष्कळदा त्या अर्जात असते. मग जागा नेमून दिल्याची चिठ्ठी मिळे आणि तिच्यासोबत अटी येत : ठरावीक एकर जंगल तोडून कुंपण घालायचे, १६ फूट बाय २० फुटांचे घर उभारायचे आणि शेतापुढचा निम्मा रस्ता मोकळा करायचा. अटी पुऱ्या झाल्यावर, शुल्क भरल्यावर मालकीची सनद मिळे. त्यासाठी कित्येक वर्षे जात, म्हणून सनदेची तारीख ही येण्याची तारीख समजू नये.

पुढचे सगळे जमीन नोंदणी कचेरीतल्या लॉटवार गोषवाऱ्यात. आपल्याकडच्या फेरफार नोंदींशी त्याचे जवळचे साम्य आहे : पहिल्या ओळीत सनद, खाली क्रमाने विक्री, गहाण, वाटणी, मृत्युपत्र. मूळ दस्त काढून वाचल्यास घरातली माणसे दिसू लागतात. बाप मुलाच्या नावे शेत करून देताना स्वतःला राहायला खोली, सरपण आणि पीठ लिहून घेतो. विक्रीखतावर नवऱ्याच्या हक्कासोबत बायकोही आपला हक्क सोडते. तिथे नाव बदललेले दिसले, तर पहिली बायको त्याआधीच वारली असा तर्क बांधता येतो. ओंटारिओत जन्म-विवाह-मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८६९ ला सुरू झाली, तोवर बायकांचा पत्ता लागण्याची ही एक भरवशाची जागा.

एस्केसिंगच्या ‘स्कॉच ब्लॉक’ वस्तीतले बॉस्टन चर्च अमेरिकेतल्या शहराच्या नावाचे नाही. एट्रिकचा धर्मोपदेशक थॉमस बॉस्टन (१६७६–१७३२) याची ती आठवण. चर्चच्या दफनभूमीत लेडलॉंच्या कबरी आहेत.

जनगणनेत १८५१ ची म्हणून ओळखली जाणारी मोजणी प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली. तिच्यात आणि १८६१ च्या मोजणीत पुढच्या वाढदिवसाला पुरे होणारे वय विचारले असल्याने जन्मसाल काढताना एका वर्षाची गल्लत होते. १८५१ च्या मोजणीची बरीच पाने हरवलेली आहेत. शेतीच्या स्वतंत्र तक्त्यात मात्र कन्सेशन व लॉट क्रमांकासह लागवड, पिके आणि जनावरे येतात. माणसांची यादी आणि जमिनीचे दप्तर यांचा सांधा तिथे जुळतो.

मन्रो यांची थेट शाखा जेम्सचा मुलगा विल्यम याची. तो इलिनॉयला गेला आणि तिथेच वारला. त्याची विधवा व मुले यांना भावाने ओंटारिओत आणले. या मुलांपैकी जॉन आणि थॉमस, तसेच त्यांचा चुलतभाऊ रॉबर्ट हे १८५१ मध्ये ह्युरॉन काउंटीतील मॉरिस टाउनशिपचे जंगल तोडायला गेले. त्या दिवसांचा वृत्तान्त रॉबर्टने म्हातारपणी लिहून ठेवला. मन्रो यांनी हे सारे साहित्य वापरले, पण कथाकाराच्या हक्काने प्रसंग आणि संवाद रचले. तसे त्यांनी प्रस्तावनेत सांगितलेही आहे. तेव्हा पुराव्यादाखल त्यांचे पुस्तक पुढे करू नये. मन्रो यांचे वडील रॉबर्ट एरिक लेडलॉ विंगहॅमजवळ कोल्हे पाळत. त्यांनीही ओंटारिओतील एका वसाहतकरी कुटुंबावर ‘द मॅक्ग्रेगर्स’ ही कादंबरी लिहिली. ती त्यांच्या निधनानंतर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली.