संत मॅग्नसच्या बेटांवरील संगीतपर्व

इ. स. १०९८ साली वेल्सच्या किनाऱ्यानजीक मेनाय नावाच्या सामुद्रधुनीत एक घनघोर लढाई झाली. नॉर्वेच्या राजाच्या आरमारात ऑर्कनी बेटांवरील एक तरुण राजपुत्र होता. शस्त्र उचलण्याची आज्ञा होताच त्याने सांगितले, की समोरच्यांपैकी कुणाशीही आपले वैर नाही, सबब आपण लढणार नाही. बाणांचा वर्षाव होत असताना तो आडोशालाही गेला नाही. स्तोत्रसंहिता उघडून लढाई संपेपर्यंत तो जहाजावर स्तोत्रे गात राहिला. इ. स. १२०० च्या सुमारास आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या ऑर्कनीच्या बखरीत ही हकिगत नोंदलेली आहे. त्या तरुणाचे नाव मॅग्नस एर्लेंडसन. पुढे हाच संत मॅग्नस म्हणून वंदनीय ठरला आणि त्याच्याच नावाने त्या बेटांवर १९७७ साली एका संगीत महोत्सवाचा प्रारंभ झाला. या दोन घटनांमध्ये जवळजवळ नऊ शतकांचे अंतर आहे. तरीही पहिली घटना ठाऊक नसेल, तर दुसरीचे मर्म कळणे कठीण आहे.

ऑर्कनी हा स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडचा सुमारे सत्तर बेटांचा समूह आहे. त्यांतील वीसएक बेटांवर मनुष्यवस्ती आहे आणि सर्वांची मिळून लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार बावीस हजारांच्या आसपास भरते. आपल्या वसई तालुक्यातील एखाददुसऱ्या मोठ्या गावात मावेल एवढीच ही माणसे! वृक्ष थोडे, वारा अखंड, व्यवसाय शेतीचा, गुराढोरांचा आणि मासेमारीचा. हिवाळ्यात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. जून महिन्यात मात्र सूर्य रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा हजर होतो. मधल्या वेळेतही आकाश पुरते काळवंडत नाही. या उजळ रात्रींतच तेथील संगीताचा हंगाम भरतो.

मॅग्नस आणि त्याचा चुलतभाऊ हाकॉन यांच्यात ऑर्कनीचे राज्य वाटले गेले होते. वैर वाढत गेले, तेव्हा समेटासाठी ईस्टरच्या सुमारास एगिल्से या लहानशा बेटावर भेटण्याचे ठरले. प्रत्येकाने दोनच जहाजे आणावीत असा करार होता. मॅग्नस दोन जहाजे घेऊन आला, हाकॉन आठ. ती दृष्टीस पडताच मॅग्नस जे समजायचे ते समजला आणि प्रार्थना करण्यासाठी मंदिरात गेला. भावाच्या माथी खुनाचे पाप लागू नये म्हणून त्याने तीन पर्याय सुचविले. आपण यात्रेला निघून जाऊ व परत येणार नाही, हा पहिला. स्कॉटलंडमध्ये आपल्याला बंदिवासात ठेवावे, हा दुसरा. आपल्याला अपंग करून अंधारकोठडीत टाकावे, हा तिसरा. तिसरा पर्याय हाकॉनला पटला होता. परंतु सरदारांना दोघांपैकी एकाचा निकाल हवा होता. ध्वजवाहकाने घाव घालण्यास नकार दिला, तेव्हा ते काम लिफोल्फ नावाच्या आचाऱ्यावर लादण्यात आले. तो रडू लागला. मॅग्नसने त्याचीच समजूत घातली आणि चोरासारखा माझा शिरच्छेद करू नकोस, डोक्यावर घाव घाल, असे त्याला सांगितले. हे साल १११६ की १११७ यावर विद्वानांत मतभेद आहेत. सण मात्र १६ एप्रिल रोजीच पाळला जातो.

मॅग्नसचा भाचा रॉग्नवाल्ड याने ११३७ साली कर्कवॉल येथे मामाच्या स्मरणार्थ महामंदिर उभारावयास घेतले. तांबड्या आणि पिवळ्या वालुकाश्माची ही वास्तू आजही उभी आहे. १९१९ साली डागडुजी चालू असताना तेथील एका खांबाच्या पोकळीत लाकडी पेटी सापडली. तिच्यातील कवटीवर घावाची खूण होती. बखरीतील वर्णनाशी ती जुळली.

या महामंदिराची मालकी ही तर एक नवलाचीच बाब म्हणावी लागेल. डेन्मार्कच्या राजाने १४६८ साली मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटे स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली. ती कधी सोडविलीच गेली नाहीत. १४८६ साली राजा तिसरा जेम्स याने सनद देऊन हे महामंदिर कर्कवॉलच्या नागरिकांच्या स्वाधीन केले. १५६० मध्ये स्कॉटलंडमध्ये धर्मसुधारणा झाली, लॅटिन मिस्सा बंद पडली, संतांचे उत्सव लोपले. पुढे प्रॉटेस्टंट मंडळी तेथे उपासना करू लागली. परंतु इमारत गावकऱ्यांचीच राहिली. आपल्याकडे वसईच्या किल्ल्यात १७३९ नंतर मंदिरांच्या भिंतीच तेवढ्या उरल्या. कर्कवॉलचे छप्पर शाबूत राहिले, याचे बरेचसे श्रेय या सनदेला द्यावे लागेल असे मला वाटते.

संतांच्या उपासनेबरोबर तिचे संगीतही त्या भिंतींतून हद्दपार झाले. मॅग्नसवरील एक लॅटिन गीत मात्र स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेराव्या शतकातील एका हस्तलिखितात सुरक्षित आहे. ते दोन आवाजांसाठी आहे. दोन्ही आवाज बव्हंशी तिसऱ्या स्वराचे अंतर राखून जोडीने चालतात. त्या काळचे चर्चसंगीत चौथ्या-पाचव्या स्वरांच्या अंतरावर विसंबून असताना उत्तरेकडील ही गोड चाल अभ्यासकांना फार महत्त्वाची वाटते. ज्या बेटांचे हे गीत, तेथील सामान्य माणसाच्या ओठी ते शतकानुशतके नव्हते.

आता विसाव्या शतकात येऊ या. स्ट्रॉमनेस या बंदराच्या गावी १९२१ साली जॉर्ज मकाय ब्राउन यांचा जन्म झाला. वडील टपालवाटप करीत आणि शिंपीकामही करीत. जॉर्ज तरुणपणीच क्षयाने ग्रासले गेले. रुग्णशय्येवरचे वाचन हीच त्यांची पाठशाळा झाली. न्यूमनच्या लेखनाचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला आणि १९६१ च्या डिसेंबरात त्यांनी कॅथलिक श्रद्धेचा स्वीकार केला. ऑर्कनीत कॅथलिक मूठभर आहेत. आपले गाव सोडून ते क्वचितच बाहेर पडले. कोळी, शेतकरी, संत आणि ऋतू हेच त्यांचे विषय. मॅग्नस त्यांच्या लेखनात पुनःपुन्हा येतो आणि १९७३ साली त्यांनी त्याच्यावर 'मॅग्नस' नावाची कादंबरीच लिहिली. तीत एगिल्सेवरील हत्येचे चित्रण करता करता लेखक अकस्मात आपल्याला नाझींच्या छळछावणीत नेऊन उभे करतो. निरपराध्याचा बळी ही जुनी बखरीतली गोष्ट नव्हे, असे त्यांना सुचवायचे होते.

१९७० साली पीटर मॅक्सवेल डेव्हिस नावाचा इंग्रज संगीतकार ऑर्कनीत आला. आधुनिक, कानांना ओरखडे काढणाऱ्या रचनांमुळे लंडनमध्ये त्याचे नाव गाजत होते. प्रवासात ब्राउन यांचे ऑर्कनीवरील एक पुस्तक त्याच्या हाती पडले. दुसऱ्याच दिवशी हॉय बेटावरील रॅकविकच्या खोऱ्यात लेखक आणि वाचक समोरासमोर आले. रॅकविक तेव्हा ओस पडत चालले होते. तेथील समुद्रकड्यावरची एक मोडकळीस आलेली झोपडी डेव्हिस यांनी दुरुस्त केली आणि १९७४ पासून ते तेथे राहू लागले. विजेची सोय नव्हती. खाली समुद्राची गाज आणि वर वारा. त्यांचे संगीतही हळूहळू पालटू लागले.

कर्कवॉलच्या शाळेतील संगीतशिक्षक व महामंदिराचे ऑर्गनवादक नॉर्मन मिचेल आणि स्ट्रॉमनेसच्या शाळेतील इंग्रजीचे शिक्षक आर्ची बेव्हन हे दोघे या जोडीला येऊन मिळाले. एक कवी, एक संगीतकार आणि दोन शाळामास्तर! या मंडळींनी संत मॅग्नस महोत्सव सुरू केला. १८ जून १९७७ रोजी महामंदिरात 'संत मॅग्नसचे हौतात्म्य' ही डेव्हिस यांची संगीतिका प्रथम सादर झाली. ती ब्राउन यांच्या कादंबरीवर आधारलेली आहे. पाच गायक आणि दहा वादक एवढाच तिचा संसार. मेनायच्या लढाईत स्तोत्र गाणारा मॅग्नस तीत आहे, आंधळी मेरी आहे, आणि शेवटी संताच्या कबरीपाशी मेरीला दृष्टी लाभते. ज्या खांबात संताच्या अस्थी विसावल्या आहेत, त्याच्या सान्निध्यात हे गायन झाले. ही मिस्सा नव्हती आणि तसा कुणाचा दावाही नव्हता. परंतु ज्या संताचे गुणगान धर्मसुधारणेने तेथे थांबविले होते, त्याची कथा त्याच छपराखाली गायली गेली. तिला दार उघडून देणारे लोक बहुतांशी प्रॉटेस्टंट होते.

एवढ्यावरच थांबले असते, तर लंडनहून आलेले कलावंत, चार दिवस कौतुक आणि परतीची बोट, असा हा प्रकार झाला असता. थोरामोठ्यांची हजेरी तेथे पुढेही लागत राहिली. १९८६ साली आयझॅक स्टर्न यांनी महामंदिरात डेव्हिस यांची व्हायोलिनसाठीची नवी रचना प्रथमच वाजविली, तेव्हा लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाचे संचालन आंद्रे प्रेव्हिन करीत होते. एवढ्याशा गावी अशी मैफल म्हणजे भाग्यच. तरी माझ्या मते महोत्सवाची खरी उभारणी त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९७८ मध्ये झाली. त्या वर्षी कर्कवॉलच्या शाळेतील मुलांनी 'दोन व्हायोलिनवादक' ही संगीतिका सादर केली. डेव्हिस यांनी ती त्या मुलांसाठीच लिहिली होती. गायक मुले, वादकही मुलेच, आणि संचालक त्यांचे मिचेल सर.

तिची कथा ब्राउन यांनी सांगितलेल्या एका लोककथेवरून घेतली आहे. लग्नघरी वादन करून दोन मित्र रात्री परतत असतात. वाटेत टेकडीच्या पोटात राहणारे यक्षासारखे लोक त्यांतील एकाला आपल्या मेजवानीत वाजवायला नेतात. बक्षीस म्हणून काय हवे असे विचारल्यावर तो भोळा मागणे मागतो, की माझ्या लोकांना यापुढे कधी काम करावे लागू नये. घटकाभर वाजवून तो बाहेर येतो, तो एकवीस वर्षे उलटून गेलेली असतात. वर मिळालेला असतो, पण लोक सुस्त व निस्तेज होऊन दूरचित्रवाणीपुढे बसलेले असतात. तयार खाणे, तयार करमणूक. तो आपले व्हायोलिन काढून वाजवू लागतो, तेव्हा कुठे ती मोहिनी सुटते. १९७८ साली शाळकरी मुलांनी आपल्या आईबापांसमोर हे गाऊन दाखविले! आपल्या धर्मग्रामांच्या सणांना हल्ली भाड्याचे ध्वनिक्षेपक येतात आणि गायकवृंदाचा आवाज त्यांत बुडून जातो, हे पाहिले की मला या कथेची आठवण होते. एके काळी गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. त्याच परंपरेतील वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीचे वाद्यवृंद उभे केले, हे आपण जाणतोच.

कर्कवॉलच्या मुलांसाठी डेव्हिस यांनी १९८० मध्ये 'सिंड्रेला' लिहिली. मोठ्यांनीही मागे राहू नये म्हणून महोत्सवाचा स्थानिक गायकवृंद तयार झाला आणि बाहेरून येणाऱ्या नामांकित वाद्यवृंदांबरोबर गाऊ लागला. स्थानिक बोलीतील वाचन आणि गाणी यांच्या मेळाव्याला 'जॉन्समास फॉय' म्हणतात. फॉय म्हणजे मेजवानी आणि जॉन्समास म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाचा २४ जूनचा सण. गोव्यात त्याच दिवशी सां जांवच्या नावाने तरुण विहिरींत उड्या घेतात. सण पाळणे सोडून दिलेल्या प्रॉटेस्टंट बेटांनीही हे नाव बोलीत जपून ठेवले होते.

स्ट्रॉमनेसजवळील जमिनीखाली युरेनियम आहे आणि त्याची खाण काढण्याचा विचार चालू आहे, हे कळताच बेटांवर तीव्र विरोध उभा राहिला. जमीन आणि समुद्र नासले तर तेथे राहणार कोण? १९८० च्या महोत्सवात डेव्हिस यांनी स्ट्रॉमनेसमध्ये या विषयावर गीते, भाष्ये आणि पियानोचे तुकडे यांचा एक कार्यक्रम सादर केला. पियानोवर ते स्वतः बसले होते. त्यातील 'स्ट्रॉमनेसचा निरोप' ही लहानशी रचना म्हणजे गाव सोडून जाणाऱ्यांची संथ पावले. चाल लोकगीतासारखी साधी आहे. खाण झाली नाही. ती रचना मात्र जगभर पोहोचली.

कर्कवॉलच्या दक्षिणेस लॅम होम नावाचे चिमुकले बेट आहे. १९३९ च्या ऑक्टोबरात जर्मन पाणबुडीने स्कापा फ्लोच्या नाविक तळात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडविली. आठशेहून अधिक नौसैनिक प्राणाला मुकले. तेव्हा बेटांमधल्या खाड्या बंद करण्यासाठी बांध घातले गेले आणि त्या कामावर इटालियन युद्धकैदी लावले गेले. त्यांतील दोमेनिको किओकेत्ती या चित्रकाराने व त्याच्या सोबत्यांनी पत्र्याच्या दोन अर्धगोल झोपड्या जोडून मंदिर उभारले. हाताशी होते उरलेले सिमेंट आणि मांसाचे रिकामे डबे. डब्यांचे दिवे झाले आणि वेदीमागे बाळ येशूसह पवित्र मरिया अवतरली. १९६० साली किओकेत्ती परत आला आणि फिकट झालेली चित्रे त्याने पुन्हा रंगविली. या मंदिरातही महोत्सवातील छोट्या मैफली झालेल्या आहेत. एका बाजूला महामंदिर आणि दुसऱ्या बाजूला ही पत्र्याची झोपडी! असे मैफलीचे जागेपण मला तरी दुसरीकडे कोठे ठाऊक नाही.

डेव्हिस यांनी १९८६ पर्यंत महोत्सवाच्या कलासंचालकाची धुरा वाहिली. पुढे ते सँडे बेटावर राहावयास गेले आणि १४ मार्च २०१६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.

जॉर्ज मकाय ब्राउन त्यांच्या वीस वर्षे आधी गेले. १३ एप्रिल १९९६ रोजी कर्कवॉलच्या रुग्णालयात त्यांना मृत्यू आला आणि अंत्यविधी १६ एप्रिल रोजी, संत मॅग्नसच्या सणादिवशी ठेवण्यात आला. कर्कवॉलमध्ये कॅथलिक मंदिर आहे, पण विधी झाला तो महामंदिरात. ॲबर्डीनचे कॅथलिक बिशप मारिओ कोंटी आणि एक कॅथलिक धर्मगुरू पौरोहित्य करीत होते. महामंदिराचे प्रॉटेस्टंट पाळकही त्यात सहभागी झाले. लोक दाटीने बसले होते. डेव्हिस पियानोपाशी गेले आणि त्यांनी 'स्ट्रॉमनेसचा निरोप' वाजविला.