जुनी मासेराती आणि तिच्या चार मालकांचा वारसा

इटालियन भाषेत ‘ग्रान तुरिस्मो’ म्हणजे मोठा प्रवास. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधील सरदारांची मुले शिक्षण पूर्ण झाल्यावर फ्रान्समार्गे इटलीच्या लांब दौऱ्यावर जात. त्या दौऱ्याला ‘ग्रँड टूर’ म्हणत. पुढे मोटारी आल्या तेव्हा दोघांना आरामात, सामानासह आणि वेगाने शेकडो किलोमीटर नेणाऱ्या दोन दारांच्या गाडीला हेच नाव मिळाले. या जातीच्या गाड्यांमध्ये मासेरातीचे नाव मोठे आहे. आज तिची काही जुनी मॉडेल्स युरोपात साध्या नव्या गाडीच्या किमतीत मिळतात आणि अनेकजण या किमतीला भुलतात. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत आणि कारागिराची मजुरी उतरत नाही. खरेदी उतरत्या भावाने होते, देखभाल मात्र मूळच्या श्रीमंती दरानेच करावी लागते.

ही देखभाल किती आणि कशाची, हे गाडी कोणत्या वर्षी बनली यावर अवलंबून असते. कारण या कारखान्याची मालकी वारंवार बदलली आणि प्रत्येक मालकाने आपल्या काळाची खूण गाडीत सोडली. म्हणून जुनी मासेराती घेणाऱ्याने इंजिनाचा आवाज ऐकण्यापूर्वी कारखान्याचा इतिहास वाचलेला बरा.

ओर्सींचा काळ

1914 साली बोलोन्या शहरात अल्फिएरी मासेराती यांनी ही कंपनी सुरू केली. शहराच्या चौकातील समुद्रदेव नेपच्यूनच्या पुतळ्याच्या हातात त्रिशूळ आहे, तेच तिचे चिन्ह झाले. 1937 मध्ये भावंडांनी कंपनी उद्योगपती आदोल्फो ओर्सी यांना विकली आणि कारखाना मोदेना शहरात गेला. 1957 साली हुआन मान्युएल फांजिओने मासेराती चालवून जागतिक अजिंक्यपद मिळवले. पण शर्यतींचा खर्च झेपेनासा झाला आणि त्याच वर्षाअखेर कंपनीने शर्यतींतून माघार घेतली. आता रस्त्यावरच्या गाड्या विकूनच जगायचे होते.

त्यासाठी आणलेली गाडी म्हणजे 3500 जीटी. इराणचे शाह मोहम्मद रझा पहलवी यांनी ती चालवली आणि त्याहून वेगवान गाडीची मागणी केली. अभियंता जुलिओ अल्फिएरी यांनी शर्यतीच्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बदलून 3500च्या सांगाड्यात बसवले. 1959 मध्ये तयार झालेली ती 5000 जीटी. अशा फक्त 34 गाड्या बनल्या. इस्माइली खोजांचे इमाम करीम आगा खान यांच्याकडेही त्यातली एक होती.

3500 जीटी मात्र दोन हजारांहून अधिक बनल्या. तिचे गिअरबॉक्स जर्मनीचे, ब्रेक इंग्लंडचे, कार्ब्युरेटर इटलीतल्याच वेबरचे. हे भाग इतर कंपन्यांच्या गाड्यांतही असल्याने आज ते शोधणे तुलनेने सोपे जाते. खरी अडचण पत्र्याची आहे. मिलानच्या तूरिंग कंपनीने पोलादी बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवला होता. दोन वेगळे धातू एकमेकांना लागले आणि त्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम आतून कुजत जाते. वरचा रंग चकचकीत दिसतो आणि खाली पत्रा गेलेला असतो. असा पत्रा हातोड्याने घडवणाऱ्या कारागिराला इटलीत ‘बत्तिलास्त्रा’ म्हणतात. हे काम तासांच्या हिशेबाने चालते, आणि तास शेकडो लागतात.

सित्रोएन आणि तेलाचे संकट

1968 मध्ये फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने मासेराती ताब्यात घेतली. 1971च्या बोरा गाडीत ब्रेक आणि उघडझाप करणारे दिवे सित्रोएनच्या उच्च दाबाच्या हायड्रॉलिक यंत्रणेवर चालत. त्यात खास हिरवे खनिज तेल लागते. अजाण मेकॅनिकने साधे ब्रेक ऑइल ओतले की सगळी सीले खराब होतात. तेव्हा या काळातली गाडी घेताना सित्रोएनचे काम जाणणारा माणूस आपल्या गावात आहे का, हा पहिला प्रश्न असतो.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेलबंदी केली. पेट्रोल पिणाऱ्या मोठ्या गाड्यांचा खप पडला, सित्रोएन स्वतःच कर्जात बुडाली आणि मे 1975 मध्ये तिने मासेराती अवसायनात काढली. आखातातल्या एका राजकीय निर्णयाची झळ मोदेनाच्या कामगारांपर्यंत पोहोचली ती अशी.

करामुळे जन्मलेली गाडी

सरकारी मदतीने कंपनी अर्जेंटिनाचे आलेहांद्रो दे तोमासो यांच्याकडे गेली. इटलीत तेव्हा दोन लिटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या गाडीवर 38 टक्के व्हॅट होता, लहान इंजिनावर त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून डिसेंबर 1981 मध्ये आलेल्या बितुर्बोचे इंजिन दोन लिटरच्या आत ठेवले आणि ताकद भरून काढायला दोन टर्बो लावले. दाबाखालच्या कार्ब्युरेटरमुळे सुरुवातीच्या गाड्या तापत, गरम झाल्या की पुन्हा चालू होत नसत. पुढे फ्युएल इंजेक्शन आले आणि सुधारणा झाली, पण नाव खराब झाले ते झालेच. आजही सर्वांत स्वस्त मिळते ती हीच. हिच्यात टायमिंग बेल्ट वेळेवर बदलल्याची पावती नसेल, तर बेल्ट तुटून इंजिनच जाण्याचा धोका विकत घेतला असे समजावे.

फियाट आणि फेरारी

1993 मध्ये फियाटने पूर्ण मालकी घेतली आणि 1997 मध्ये निम्मा हिस्सा मासेरातीची जुनी प्रतिस्पर्धी फेरारीला दिला. 1998च्या 3200 जीटीत क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर झिजण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. तिच्या नंतरच्या कूपेत फेरारीने बनवलेले 4.2 लिटरचे इंजिन आले. त्याबरोबर क्लचचे पेडल नसलेला ‘कांबियोकोर्सा’ गिअरबॉक्सही आला. शहरातल्या गर्दीत तो क्लच लवकर संपतो. किती झिजला आहे, ते संगणक जोडून पाहता येते. 2007च्या ग्रानतुरिस्मोच्या पहिल्या मॉडेलमध्ये झेडएफचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसला आणि ही डोकेदुखी टळली.

कागद आणि कारागीर

इटलीत तीस वर्षांवरील गाडीला वार्षिक मालकी कर माफ आहे. वीस ते एकोणतीस वर्षांची गाडी ऐतिहासिक असल्याचे प्रमाणपत्र असेल तर तो निम्मा लागतो. कायदा जुन्या गाडीकडे वारसा म्हणून पाहतो तो असा. पण वारसा टिकतो तो नोंदींवर. सर्व्हिसची वही, पावत्या, टायरवरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा शिक्का, हे सगळे गाडीचे दस्तऐवज आहेत. कमी किलोमीटर चाललेली पण वर्षानुवर्षे उभी राहिलेली गाडी अनेकदा जास्त चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघते. पेट्रोलचा चिकटा जमतो, रबर कडक होते, ब्रेक अडकतात.

इटालियन गाडी म्हणजे कटकट, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी मुंबईची काळी-पिवळी आठवावी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट 1100. तिची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. दिवसरात्र धावूनही ती इतकी वर्षे टिकली, कारण तिचा प्रत्येक भाग मिळत होता आणि गल्लीगल्लीत ती उघडून परत जोडणारे हात होते. 34 गाड्यांच्या किंवा दोन हजार गाड्यांच्या मालकाला अशी गल्ली मिळत नाही. ज्याला जुनी मासेराती घ्यायची आहे त्याने आधी तो मेकॅनिक शोधावा, त्याच्याकडून गाडी तपासून घ्यावी आणि खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठी बाजूला ठेवता येईल का ते पाहावे. तेवढी सोय नसेल तर रस्त्यावरून जाणारी मासेराती पाहून समाधान मानावे.