व्हिक्टोरिया मॅन्शन : पाडकामापासून वाचलेली हवेली

अमेरिकेच्या मेन राज्यातील पोर्टलंड शहरात असलेली ‘व्हिक्टोरिया मॅन्शन’ ही हवेली १८५८ ते १८६० या काळात रगल्स सिल्व्हेस्टर मोर्स यांनी उन्हाळी निवासासाठी बांधून घेतली. मूळचे मेनचे असलेले मोर्स न्यू ऑर्लिन्समधील हॉटेल व्यवसायात धनाढ्य झाले होते. त्या शहराची भरभराट गुलामगिरीवर आधारलेली होती. वास्तुरचना हेन्री ऑस्टिन यांची, तर अंतर्गत सजावट व फर्निचर गुस्ताव्ह हर्टर यांचे आहे. भित्तिचित्रे ज्युसेप्पे गुइदिचिनी यांनी रंगविली.

मोर्स यांचे १८९३ मध्ये निधन झाले. त्यानंतर स्थानिक व्यापारी जे. आर. लिबी यांनी ही हवेली सामानासह विकत घेतली. लिबी कुटुंबाने १९२८ पर्यंतच्या वास्तव्यात मूळ सजावटीत फारसे बदल केले नाहीत. पुढे रिकाम्या पडलेल्या या हवेलीच्या जागी पेट्रोल पंप उभारण्याचा घाट घातला गेला. मात्र निवृत्त शिक्षक विल्यम होम्स यांनी ती विकत घेऊन १९४१ मध्ये संग्रहालय म्हणून खुली केली आणि तिला राणी व्हिक्टोरियाचे नाव दिले. १९७० मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. मूळ सामानापैकी बहुतांश वस्तू आजही तेथेच असल्याने गृहयुद्धपूर्व काळातील श्रीमंती राहणीचे समग्र चित्र या हवेलीत पाहायला मिळते.