राइट क्लिक केलं की कम्प्युटर अडकतो? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

माझ्या मावसभावाचं तालुक्याच्या गावी झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. भरतीचे ऑनलाइन फॉर्म सुटले की तिथे उभं राहायला जागा नसते. प्रत्येक उमेदवाराचा फोटो आणि सही स्कॅन करायची, फाइलचं नाव बदलायचं, साइज कमी करायची, म्हणजे दिवसाला शे-दोनशे वेळा राइट क्लिक. गेल्या वर्षी ऐन हंगामात त्याच्या कम्प्युटरवर राइट क्लिक केलं की निळं चक्र फिरत बसायचं आणि सात-आठ सेकंदांनी मेनू उघडायचा. दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारू आणि रॅमही वाढवू. भावाला रॅमच्या पैशांपेक्षा फॉरमॅटची धास्ती होती. श्रीलिपी, ग्राहकांच्या जुन्या लग्नपत्रिका, प्रिंटरची सेटिंग्ज हे सगळं पुन्हा बसवायचं म्हणजे दोन दिवस शटर खाली.

शेवटी दोन्हीची गरज पडली नाही. एका सॉफ्टवेअरची एक नोंद बंद केली आणि मेनू क्लिकसरशी उघडू लागला.

हा मेनू तयार नसतो

हॉटेलचं मेनूकार्ड छापून ठेवलेलं असतं, तसा राइट क्लिकचा मेनू कुठेतरी तयार असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात विंडोज तो दर वेळी नव्याने बनवतं. विंडोज ९५ पासून मायक्रोसॉफ्टने इतर कंपन्यांनाही या मेनूत आपले पर्याय टाकण्याची सोय दिली. त्याला म्हणतात शेल एक्स्टेन्शन. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना ते विंडोजच्या रजिस्ट्रीत आपलं नाव लिहून ठेवतं, आपल्याला न विचारता.

मग तुम्ही एखाद्या फोटोवर राइट क्लिक केलं की फाइल एक्सप्लोरर ती यादी उघडतो, त्या फाइलशी संबंधित प्रत्येक सॉफ्टवेअरचा छोटा कोड स्वतःमध्ये लोड करतो आणि विचारतो, ‘या फाइलसाठी तुला काही दाखवायचंय का?’ ही विचारणा एकापाठोपाठ एक चालते. दहांपैकी नऊ जणांनी पटकन उत्तर दिलं आणि दहावा गप्प बसला, तर मेनू त्या दहाव्यासाठी थांबून राहतो. रॅम वाढवून हा दहावा लवकर बोलू लागत नाही.

तो गप्प का बसतो? क्लाउड स्टोरेजचं सॉफ्टवेअर आधी फाइल सिंक झाली आहे का ते तपासतं. एखादं सॉफ्टवेअर नेटवर्कवरच्या, आता बंद असलेल्या ड्राइव्हची वाट पाहतं. कधी मूळ सॉफ्टवेअर काढून टाकलेलं असतं, पण त्याची नोंद मागे राहिलेली असते.

यातली खरी गंमत अशी की विचारलेल्या प्रत्येकाने मेनूत पर्याय दाखवायलाच हवा असं नाही. पाच सेकंद खाऊन ‘मला काही दाखवायचं नाही’ असंही तो सांगू शकतो. भावाकडे नेमकं हेच झालं होतं. ट्रायल संपलेलं एक पीडीएफ कन्व्हर्टर फोटोंच्या मेनूत कुठेच दिसत नव्हतं, तरी दर वेळी सगळ्यांना थांबवून ठेवत होतं. म्हणून मेनूत दिसणारे पर्याय कमी केले की वेग वाढेलच, असं नाही. मेनूतल्या काही ओळी तर नुसत्या लिहून ठेवलेल्या आज्ञा असतात, त्यांना विचारावं लागत नाही. त्या डोळ्यांना त्रास देतात, वेळ मात्र खात नाहीत.

२०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ने मेनू आटोपशीर केला आणि जुना मेनू ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या मागे ढकलला. मेनू बेसुमार वाढला होता आणि एक्सप्लोररच्या आत चालणाऱ्या परक्या कोडमुळे वेग व स्थिरतेवर परिणाम होतो, हे मायक्रोसॉफ्टनेही तेव्हा मान्य केलं होतं. पण शिफ्ट दाबून राइट क्लिक करून पाहा, जुनी मंडळी तिथेच आहेत.

दोषी कसा शोधायचा?

आधी नुसतं निरीक्षण करा. डेस्कटॉपच्या रिकाम्या जागेवर क्लिक केल्यावर उशीर होतो, की फोल्डरवर, की फक्त ठरावीक प्रकारच्या फाइलवर? रिकाम्या जागेवर होत असेल तर पहिला संशय ग्राफिक्स ड्रायव्हरबरोबर आलेल्या नोंदीवर घ्या. मेनू झटकन उघडतो, पण ‘सेंड टू’वर माउस नेल्यावर अडकतो? मग त्या यादीत एखाद्या बंद नेटवर्क फोल्डरचा शॉर्टकट पडलेला आहे का ते बघा.

मग सरळ उपाय. न वापरलेली सॉफ्टवेअर्स सेटिंग्जमध्ये जाऊन अनइन्स्टॉल करा. क्लिपचॅम्प कधी उघडत नसाल तर ते काढा, त्याचा पर्यायही मेनूतून जातो. सेव्हन-झिप आणि विनरार यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येच मेनूतले कोणते पर्याय हवेत ते निवडता येतं, किंवा सगळे एकाच नावाखाली गुंडाळता येतात.

एवढ्याने भागलं नाही तर निरसॉफ्टचं ‘शेलएक्सव्ह्यू’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. ते त्यांच्याच वेबसाइटवरून उतरवा आणि ६४ बिट विंडोजसाठी ६४ बिटचंच घ्या, नाहीतर अर्धी यादी दिसणारच नाही. उघडल्यावर ऑप्शन्समधून फक्त ‘कॉन्टेक्स्ट मेनू’ प्रकार निवडा. मायक्रोसॉफ्टच्या नोंदींना हात लावू नका. बाकीच्या परक्या नोंदींची यादी उरेल. बदल करण्याआधी तिचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

आता त्यातल्या अर्ध्या नोंदी निवडून एफ७ दाबा, त्या बंद होतील. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘विंडोज एक्सप्लोरर’ रीस्टार्ट करा आणि राइट क्लिक करून बघा. वेग सुधारला तर दोषी त्या अर्ध्यात आहे, नाही सुधारला तर दुसऱ्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचेही दोन भाग करा. तीस नोंदी असल्या तरी साधारण पाच फेऱ्यांत तो हाती लागतो. एकेक बंद करत बसलात तर संध्याकाळ जाईल. दोषी सापडला की बाकीच्या नोंदी एफ८ ने पुन्हा चालू करा. इथे काहीच डिलीट होत नाही, त्यामुळे चूक झाली तरी मागे फिरता येतं.

रजिस्ट्री हाताने खोडण्याच्या किंवा ‘वन क्लिक क्लीनर’च्या भानगडीत मात्र पडू नका. रील्समध्ये ते सोपं दिसतं, पण तिथली एक चुकीची की उडवली तर खरंच फॉरमॅट मारायची वेळ येऊ शकते. ऑफिसच्या कम्प्युटरवर अँटिव्हायरसची नोंद बंद करायची असेल तर आधी आयटीवाल्यांना विचारा.

आणि राइट क्लिकच नाही, तर फाइल उघडणं, ब्राउजर, सगळंच रेंगाळत असेल? टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’चा आकडा सतत १०० टक्क्यांजवळ दिसतो का बघा. तसं असेल तर दुखणं मेनूचं नाही, आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकण्यासारखा आहे.

सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की काही नोंदी पुन्हा चालू होऊ शकतात. भावाकडे दिवाळीनंतर तसं एकदा झालं. या वेळी त्याने मला फोनही केला नाही, स्क्रीनशॉट बघून स्वतःच एफ७ दाबलं.