एका मुलीचा वर्ग

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक ट्रेनिंग रद्द झालं. डेटाबेसचं होतं, तीन दिवसांचं. मला मनापासून करायचं होतं, म्हणून पहिल्याच दिवशी नाव देऊन टाकलं. आठवड्याने मेल आली: किमान सहा जण लागतात, चारच नावं आली, सबब बॅच रद्द. आता यात चूक कुणाचीच नाही. चार टाळक्यांसाठी खोली आणि ट्रेनर कोण अडकवून ठेवणार? प्रोजेक्टचं प्लॅनिंग करताना मी स्वतःसुद्धा हाच हिशेब मांडतो.

पण त्या दिवसापासून एक जुनी गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून हा शनिवार तिच्या नावावर. एका विद्यार्थिनीसाठी कॉलेजचा वर्ग उघडला गेला होता, त्याची ही गोष्ट. विद्यार्थिनी एक, प्राध्यापक एक. साल 1879, गाव कलकत्ता.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त तीन आठवडे कोलकात्यात होतो. एका रविवारी काहीच उद्योग नव्हता म्हणून उत्तरेकडच्या जुन्या भागात भटकायला गेलो. हेदुआ नावाचा एक चौकोनी तलाव आहे, त्याच्या बाजूलाच बेथून कॉलेजचं फाटक. आत काही जाता आलं नाही. पलीकडच्या टपरीवर मातीच्या भांड्यातला चहा पीत फाटकाकडे बघत बसलो. आपल्याला पुण्याचा भिडेवाडा माहीत असतो, हुजूरपागा माहीत असते. बेथूनबद्दल मात्र मला तोवर शष्प माहिती नव्हती. परत आल्यावर वाचायला लागलो आणि अडकलोच.

तर सुरुवात 1849 ची. जॉन एलियट ड्रिंकवॉटर बेथून नावाचे एक इंग्रज गृहस्थ गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात कायदा सदस्य होते. त्यांनी 7 मे 1849 ला मुलींची शाळा काढली, 21 मुली घेऊन. जागा दक्षिणारंजन मुखर्जींच्या बैठकीची. पंडित मदनमोहन तर्कालंकारांनी आपल्या दोन मुली शाळेत घातल्या आणि त्यापायी बहिष्कार ओढवून घेतला. पुढच्याच वर्षी ईश्वरचंद्र विद्यासागर शाळेचे सचिव झाले. मुलींना ने-आण करायला घोडागाडी होती आणि तिच्यावर एक संस्कृत श्लोक रंगवलेला होता. मुलीलाही जपून वाढवावं आणि कष्टाने शिकवावं, अशा अर्थाचा. म्हणजे रस्त्याने कुणी शिव्या देणारा भेटलाच तर गाडी परस्पर त्याला शास्त्रार्थ ऐकवणार! विद्यासागरांची ही युक्ती मला भयंकर आवडली. 1851 मध्ये बेथूनसाहेब वारले, जाताना आपली मालमत्ता शाळेला देऊन गेले.

इथपर्यंत सगळं छान आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. या शाळेला पहिली होती, दुसरी होती, पण 'शेवटची' इयत्ता अशी नव्हतीच. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की लग्न, आणि लग्न झालं की शाळा बंद. मुली शाळा पूर्ण करत नसत, शाळेतून गळत. तीसेक वर्षं असंच चाललं. वरचा वर्ग नाही कारण मोठ्या मुली नाहीत, आणि मोठ्या मुली राहत नाहीत कारण वरचा वर्ग नाही. आपल्या भाषेत सर्क्युलर डिपेंडन्सी.

ही गाठ सुटायला दुसरीच एक छोटी शाळा कारणीभूत झाली. अ‍ॅनेट अ‍ॅक्रॉइड नावाची इंग्रज बाई 1872 मध्ये कलकत्त्याला आली आणि 1873 मध्ये तिने हिंदू महिला विद्यालय काढलं. ती लग्न करून गेल्यावर शाळा बंद पडायच्या बेताला आली. तेव्हा ब्राह्मो समाजातल्या काही तरुण मंडळींनी 1876 मध्ये बंग महिला विद्यालय या नावाने ती पुन्हा उभी केली. यात पुढे होते द्वारकानाथ गांगुली. 'अबलाबांधव' नावाचं नियतकालिक चालवायचे आणि या शाळेत शिकवायचे. त्यांचा आग्रह असा की मुलींना भरतकाम आणि थोडं वाचन एवढ्यावर सोडायचं नाही. मुलांना जे गणित आणि जे विज्ञान, तेच मुलींना. आणि शेवटी परीक्षाही तीच, कलकत्ता विद्यापीठाची एंट्रन्स. एंट्रन्स म्हणजे पुढे आपण जिला मॅट्रिक म्हणायला लागलो ती.

आता अडचण अशी की विद्यापीठाच्या नियमांत मुलीच नव्हत्या. 1857 मध्ये नियम लिहिताना 'मुलगी परीक्षेला बसली तर' ही केस कुणी धरलीच नव्हती. मनाई केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. इथे विषयच निघाला नव्हता.

इथून पुढे मला तीन मुली दिसतात.

पहिली चंद्रमुखी बसू. डेहराडूनची, बंगाली ख्रिश्चन कुटुंबातली. 1876 मध्ये तिने एंट्रन्सला बसायची परवानगी मागितली. विद्यापीठाने बरीच खलबतं केली आणि परवानगी दिली, पण अशी की तिने पेपर लिहावेत, ते तपासले जातील, मात्र ती पास झाली तरी उत्तीर्णांच्या यादीत तिचं नाव येणार नाही. चंद्रमुखीने पेपर लिहिले. पास होण्याइतके मार्क पडले. यादीत नाव आलं नाही.

दुसरी सरला दास. बंग महिला विद्यालयातली. तिची आणि तिच्या एका मैत्रिणीची तयारी बघून विद्यापीठाने आधी त्यांची एक चाचणी घेतली. या मुलींना खरंच झेपेल का, हे तपासायला! दोघी त्यात उतरल्या. पण खऱ्या परीक्षेआधी सरलाचं लग्न झालं आणि ती बसली नाही. संपला विषय.

तिसरी ती मैत्रीण, कादंबिनी बसू. भागलपूरच्या हेडमास्तरांची मुलगी, जन्म 1861 चा. (चंद्रमुखी आणि हिचं आडनाव एकच, पण नातं काही नाही.) 1878 च्या एप्रिलमध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या सिनेटने मुलींना परीक्षा खुल्या करायचा ठराव केला. त्याच वर्षी बंग महिला विद्यालय बेथून शाळेत विलीन झालं. आणि त्याच वर्षाअखेर बेथून शाळेची विद्यार्थिनी म्हणून कादंबिनी एंट्रन्स पास झाली. पहिला वर्ग एका मार्काने हुकला असं सांगतात. ज्याचा एका मार्काने काहीतरी हुकला आहे त्याला हे दुःख वेगळं सांगायला नको.

म्हणजे शाळा सुरू होऊन 29 वर्षं झाल्यावर बेथूनमधून पहिली मुलगी 'शाळा पूर्ण करून' बाहेर पडली. आणि बाहेर पडून जाणार कुठे? तिला पुढे एफ.ए. करायचं होतं. कॉलेजं सगळी मुलांची. तेव्हा 1879 मध्ये बेथून शाळेतच कॉलेजचा वर्ग सुरू झाला. शशिभूषण दत्त नावाचे एक प्राध्यापक नेमले गेले. वर्गात बाक किती होते देव जाणे, पण बसणारी एकच.

मला तो वर्ग डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करावासा वाटतो. हजेरी घेताना काय करत असतील? आणि आज मूड नाही म्हणून तिने दांडी मारली असती तर त्या दिवशी कॉलेजच बंद! मजा सोडा, पण केवढं ओझं असेल. ती नापास झाली असती तर सगळे म्हणाले असते, 'बघा, मुलींना झेपत नाही.' शंभर मुलं नापास झाली तरी 'मुलांना झेपत नाही' असं कुणी म्हणत नव्हतं.

ती नापास झाली नाही. 1880 मध्ये एफ.ए. झाली. चंद्रमुखीही दुसऱ्या संस्थेतून एफ.ए. झाली होती, कारण बेथूनमध्ये फक्त हिंदू मुलींना प्रवेश होता. आता ती बी.ए.ला बेथूनमध्ये येऊ शकावी म्हणून तोही नियम सैल झाला. 1883 मध्ये दोघी पदवीधर झाल्या. लंडन विद्यापीठाच्या पहिल्या बी.ए. मुली 1880 च्या. ऑक्सफर्डने बायकांना पदवी द्यायला 1920 उजाडलं आणि केंब्रिजने तर 1948! त्या दोन मुली कुठे होत्या ते यावरून कळावं.

आता मराठी वाचकासाठी एक गंमत. आपल्या आनंदीबाई जोशी त्या दिवसांत तिथेच होत्या. गोपाळराव श्रीरामपूरच्या पोस्टात नोकरीला होते. 24 फेब्रुवारी 1883 ला आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजात ते प्रसिद्ध भाषण केलं, मी अमेरिकेला का जाते ते सांगणारं, आणि 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या. त्याच 1883 मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजचा दरवाजा बाईसाठी पहिल्यांदा उघडला, कादंबिनीसाठी. एकीला दार बंद म्हणून सातासमुद्रापार जावं लागलं, आणि तिची बोट गेल्यावर काही महिन्यांतच ते दार दुसरीसाठी किलकिलं झालं. या दोघींची भेट झाली होती का, कुणास ठाऊक. मला उगीचच वाटतं, व्हायला हवी होती.

पुढचं थोडक्यात. कादंबिनीने 1883 मध्येच द्वारकानाथ गांगुलींशी लग्न केलं. ते विधुर, तिच्यापेक्षा 17 वर्षांनी मोठे आणि शिवाय तिचे मास्तर, त्यामुळे सुधारक मित्रांनीसुद्धा नाकं मुरडली. मेडिकलला एका विषयात तिला नापास केलं म्हणून एम.बी. हुकली, पण 1886 मध्ये जी.बी.एम.सी. ही पदविका घेऊन ती डॉक्टर झाली. 1889 च्या काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला ती प्रतिनिधी म्हणून आली होती, तिथे आपल्या पंडिता रमाबाईही होत्या. 1891 मध्ये 'बंगबासी' पत्राने तिला आडून वेश्या म्हटलं. नवरा-बायकोने सरळ कोर्ट गाठलं आणि संपादकाला सहा महिने आत पाठवलं. सत्यजित राय यांच्या आजीची ती सावत्र आई. 1923 मध्ये गेली, तोवर प्रॅक्टिस चालूच.

चंद्रमुखी 1884 मध्ये एम.ए. झाली आणि पुढे ज्या बेथूनने एकेकाळी तिला धर्मामुळे घेतलं नव्हतं त्याच बेथून कॉलेजची प्राचार्य झाली. आणि परीक्षेला न बसलेली सरला? लग्नानंतरची सरला राय. तिने 1920 मध्ये कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. नाव दिलं गोखले मेमोरियल, आपल्या नामदार गोखल्यांच्या स्मरणार्थ. ती शाळा आजही आहे.

असो. आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं पुराण लावलं.

माझी आजी कोकणातली, राजापूरच्या अलीकडच्या एका वाडीतली. तिची 'फायनल' झाली होती. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी. तालुक्यात वरच्या नंबरात आली होती म्हणे. वाडीतल्या शाळेत त्या वर्षी फायनलला बसलेली मुलगी ती एकटीच. पुढची शाळा नदीपलीकडे, मुलांची, आणि पावसाळ्यात तरीवर अवलंबून. मास्तर घरी येऊन पणजोबांना म्हणाले, 'पोर हुशार आहे, पाठवा.' पणजोबा वाईट नव्हते. एवढंच म्हणाले, 'एकटीला कसं पाठवू मास्तर? आणखी दोघी-तिघी असत्या तर गोष्ट वेगळी.' झालं. फायनलचं सर्टिफिकेट आजीच्या ट्रंकेत शेवटपर्यंत होतं, लग्नातल्या शालूच्या घडीत. मला स्कॉलरशिप मिळाली तेव्हा तिने ते काढून दाखवलं होतं आणि म्हणाली होती, 'माझी पण बॅच होती हो. एकटीची.'

तेव्हा मी हसलो होतो. लहान होतो.

'आणखी दोघी-तिघी असत्या तर' हे वाक्य अगदी शहाणपणाचं आहे. माझ्या ऑफिसातल्या मेलमध्येही तेच होतं. पण आणखी दोघी-तिघी येणार कुठून? त्या येतात पहिलीच्या मागून. कलकत्त्यात कुणीतरी हा हिशेब बाजूला ठेवला, एका मुलीसाठी मास्तर नेमला, आणि चार वर्षांत त्या वर्गातून दोघी बी.ए. होऊन बाहेर पडल्या. माझ्या आजीला नदीपलीकडे नेणारा तेवढा एक तर मिळाला नाही.

ट्रेनिंगचं म्हणाल तर परवा एच.आर.ला पुन्हा मेल टाकली. आम्ही चौघं आहोत, खोली नको, प्रोजेक्टर नको, कँटीनच्या कोपऱ्यात बसू, फक्त शिकवणारा माणूस द्या. अजून उत्तर नाही. सोमवारी परत विचारणार आहे.