उष्णता निरोधक पेट्या

बाहेरील वातावरण आणि आतील वस्तू किंवा यंत्रभाग यांच्या दरम्यान होणारे उष्णतेचे वहन मंद करण्यासाठी, भिंतींत मंदवाहक पदार्थ भरून बनविलेल्या बंदिस्त रचनांना उष्णता निरोधक पेट्या म्हणतात. बर्फाची पेटी, घरगुती प्रशीतक, मासे वाहून नेण्याची पेटी, मासेमारी होडीतील बर्फाचा खण, वातानुकूलन संयंत्रातील हवा थंड करणाऱ्या भागाचे पत्र्याचे कवच आणि उष्ण हवेच्या भट्टीचे कवच ही सर्व याच कुळातील होत. पेटी स्वतः थंडी वा उष्णता निर्माण करीत नाही. असलेली टिकविणे एवढेच तिचे काम. त्यामुळे प्रशीतनाच्या इतिहासात संपीडकाला जेवढे स्थान मिळाले तेवढे पेटीला मिळाले नाही. वस्तुतः भारतात पेटी आधी आली आणि यंत्र सु. पन्नास वर्षांनी आले.

बहुतेक निरोधक पदार्थांचा गुण हा त्यांत कोंडलेल्या स्थिर हवेचा गुण असतो. स्थिर हवेची उष्णता संवाहकता सु. ०·०२६ (वॉट प्रतिमीटर प्रतिकेल्व्हिन) आहे. कॉर्क, काचलोकर व थर्मोकोल यांची संवाहकता ०·०३५ ते ०·०४५ च्या आसपास असते. लाकडाच्या कोरड्या भुशाची त्याहून काहीशी अधिक. पाण्याची संवाहकता मात्र सु. ०·६, म्हणजे हवेच्या वीसपटींहून जास्त आणि बर्फाची २·२ आहे. निरोधकाच्या पोकळ्यांत पाणी शिरले की तो निरोधक राहत नाही. कोकण किनाऱ्यावरील पेट्यांच्या इतिहासात ही गोष्ट पुनःपुन्हा आडवी आलेली दिसते.

बर्फघरे व भुसा : बर्फ साठविण्याची कला भारतात परदेशी बर्फापूर्वीही ज्ञात होती. उत्तर भारतात हिवाळ्याच्या रात्री उथळ मातीच्या परळांत पाणी ठेवून बर्फाचे पापुद्रे धरीत आणि ते खड्ड्यात साठवीत. या पद्धतीचे रॉबर्ट बार्कर यांनी लिहिलेले वर्णन १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खड्ड्याला आतून पेंढा व जाड घोंगड्या यांचे अस्तर असे. पेंढा आणि लोकर या दोन्हींत हवा कोंडलेली असते. त्यामुळे तत्त्व माहीत नसतानाही निवड अचूक होती, असे म्हणावे लागते.

मुंबईत अशी थंडी पडत नसल्याने तेथील बर्फाची कथा समुद्रमार्गे सुरू होते. बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी न्यू इंग्लंडच्या तळ्यांतील बर्फ उष्ण देशांत विकण्याचा उद्योग १८०६ मध्ये वेस्ट इंडीजपासून आरंभिला. प्रारंभीच्या खेपांत त्यांचे मोठे नुकसान झाले. मे १८३३ मध्ये ‘टस्कनी’ हे जहाज सु. १८० टन बर्फ घेऊन निघाले व विषुववृत्त दोनदा ओलांडून सप्टेंबरात कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा सु. १०० टन बर्फ शिल्लक होता. चार महिने, तेही उष्ण कटिबंधातून, आणि निम्म्याहून अधिक माल शाबूत! या यशामागे कोणतेही यंत्र नव्हते. बर्फाच्या लाद्या सारख्या मापात कापल्यामुळे त्या एकमेकींना घट्ट बसत आणि मध्ये हवा खेळत नसे (घोड्याने ओढण्याचे बर्फ कापण्याचे अवजार नॅथॅनिएल वायथ यांनी १८२५ मध्ये तयार केले होते). जहाजाचा तळखण फळ्यांनी दुहेरी केलेला असे. फटींत लाकूडगिरण्यांतील टाकाऊ भुसा भरलेला असे आणि वितळलेले पाणी साचू न देता काढून टाकले जाई. भुसा कोरडा राखणे व पाण्याला वाट देणे हे दोन नियम आजच्या मासळीच्या पेटीलाही तसेच लागू आहेत.

लगोलग, १८३४ मध्ये, बर्फ मुंबईस आला. त्याच सुमारास जमशेटजी जिजीभाई यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिले आणि पाहुण्यांना सर्दी झाल्याची बातमी तत्कालीन गुजराती वृत्तपत्रात आली. पुढे वर्गणी गोळा करून गोदीजवळ सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी बर्फघर उभारण्यात आले (१८४३). घुमटाकार माथ्याची ही वास्तू विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाडण्यात आली. मद्रासचे तत्कालीन बर्फघर (१८४२) मात्र ‘विवेकानंद इल्लम’ या नावाने अद्याप उभे आहे. बर्फघरापासून घरापर्यंतच्या वाटेवर पेटी नव्हती. नोकर घोंगडीत गुंडाळून बर्फ नेत. पाऊण तासाच्या वाटेसाठी घोंगडी पुरेशी असे.

कृत्रिम बर्फाचे कारखाने निघाल्यावर (कलकत्त्यातील बेंगॉल आइस कंपनी, १८७८) आयात बर्फाचा व्यापार १८८० नंतरच्या दशकात मावळला. बर्फ स्वस्त झाला तशी घरगुती बर्फपेटी आली. सागवानी बाह्यांग, आत जस्ताचा पत्रा, मध्ये भुसा किंवा कोळशाची पूड आणि तळाशी पाण्याची तोटी असे तिचे स्वरूप असे. साधारणपणे १८९० नंतर भाजलेल्या कॉर्कच्या दाट तक्त्यांनी भुशाची जागा घेतली. कॉर्क भुशापेक्षा महाग, परंतु तो कुजत नाही, खचत नाही आणि त्याच्या पेशी बंद असल्याने पाणी सावकाश शोषतो. शीतगृहांच्या भिंतींत डांबराच्या थरांत बसविलेला कॉर्क दीर्घकाळ सर्वमान्य राहिला. तो मुख्यतः पोर्तुगाल व स्पेन येथून येई. महायुद्धांत हा पुरवठा खंडित झाल्याने पर्यायांच्या शोधाला वेग आला.

पालघर किनारा : पालघर जिल्हा (२०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्याचा भाग) हा मुंबईच्या मासळी बाजाराचा जुना पुरवठादार. सातपाटी, केळवे, एडवण, दातिवरे या ओळीने वसलेल्या गावांत मांगेला, वैती, कोळी इ. मच्छीमार समाजांची वस्ती आहे. एडवण हे पालघर तालुक्यातील गाव आशापुरी देवीच्या मंदिरासाठीही प्रसिद्ध आहे. मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग १८६४ मध्ये पूर्ण झाल्यावर या गावांना सफाळे व केळवे रोड या स्थानकांतून मुंबई गाठता येऊ लागली. बाजार जवळ आला, पण मासळी टिकविण्याचा प्रश्न तसाच राहिला.

याचे कारण माशांच्या प्रकृतीत आहे. डोल जाळ्यात सापडणाऱ्या बोंबलाच्या मांसात सु. ९० टक्क्यांपर्यंत पाणी असते. उन्हात काही तासांतच तो लिबलिबीत होतो. म्हणून तो बांबूच्या वलांडीवर टांगून सुकविण्याची रीत पडली. सुकवणे ही आपल्या किनाऱ्यावरील मासळी टिकविण्याची पहिली व बिनखर्चाची व्यवस्था होय. परंतु पापलेटासारख्या माशाचे मोल ताजेपणातच असते (पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे). ताजा म्हणून न विकला गेलेला मासा फार खालच्या भावाला जातो आणि हा तोटा मच्छीमार कुटुंबावरच पडतो. घाऊक खरेदीदार मालाचा डोळा व कल्ला पाहून भाव ठरवितो. त्या क्षणी घासाघीस करण्यास विक्रेत्याला वाव नसतो, कारण तिच्यापुढे वेळ नसतो. बर्फ व पेटी तिला हा वेळ मिळवून देतात.

आरंभी पेटी म्हणजे बांबूची पाटी, खाली-वर बर्फाचा चुरा आणि ओले तरट एवढेच होते. पाटीतून पाणी आपोआप निथळते हा तिचा गुण; चहूबाजूंनी हवा लागते हा दोष. किती बर्फ वाया जातो याचा अंदाज पुढील हिशेबावरून येईल. १ मी. लांब, ६० सेंमी. रुंद व तितक्याच उंचीची बंद पेटी घेतली आणि बाहेरचे तापमान ३०° से. मानले, तर २ सेंमी. जाडीच्या निव्वळ फळ्यांतून येणाऱ्या उष्णतेने २४ तासांत सु. ९० किग्रॅ. बर्फ वितळेल. त्याच पेटीला २·५ सेंमी. थर्मोकोलचे अस्तर दिल्यास सु. २९ किग्रॅ., ५ सेंमी. दिल्यास सु. १६ किग्रॅ. व १० सेंमी. दिल्यास सु. ८ किग्रॅ. बर्फ वितळेल. पहिले अडीच सेंमी. सर्वांत अधिक फळ देतात. त्यापुढील जाडी मासळीची जागा खाते आणि माल भरण्याच्या दृष्टीने तोट्याची ठरू लागते. म्हणूनच एका दिवसाच्या वाटेच्या पेट्यांत अस्तर बहुधा पातळ, तर अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या होड्यांच्या खणांत ते जाड ठेवतात.

थर्मोकोल हे व्यापारी नाव आपल्याकडे फुगविलेल्या पॉलिस्टायरिनच्या सर्वच प्रकारांसाठी रूढ झाले. मणी फुगवून ते बनविण्याची कृती १९५० च्या सुमारास जर्मनीत विकसित झाली. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९५७) चहाच्या वापरलेल्या पेट्यांना आतून २·५ सेंमी. थर्मोकोल व पॉलिथिनचे अस्तर देऊन रेल्वेने मासे पाठविण्याच्या पेट्या तयार केल्या. स्वस्त जुनी पेटी, हलके अस्तर आणि पाणी आत शिरू न देणारा पापुद्रा ही रचना भारतीय परिस्थितीस उत्तम जुळणारी होती. होडीत मात्र खणाच्या फळ्यांत थर्मोकोल भरून वर काचतंतू व रेझीन यांचा लेप देतात. बर्फाच्या लाद्या टाकताना किंवा फावड्याचा घाव बसून लेपाला तडा गेला, की वितळलेले पाणी आत झिरपते. थर्मोकोल बुडत नसला तरी त्याच्या मण्यांमधील सूक्ष्म वाटांत पाणी हळूहळू शिरते. खण जड होतो आणि आतील बर्फ पूर्वीपेक्षा लवकर संपतो. दोष बाहेरून दिसत नाही. मच्छीमार बर्फ वाढवितो, म्हणजे प्रत्येक फेरीस खर्च वाढवितो. वास्तविक लेपाची दुरुस्ती त्याहून स्वस्त पडते. साच्यात ओतलेल्या, दुहेरी भिंतीच्या व मध्ये पॉलियुरेथेन फेस भरलेल्या अखंड प्लॅस्टिक पेट्यांनी हा दोष पुष्कळ कमी केला. त्यांची किंमत मात्र लहान मच्छीमाराला जड जाते.

यंत्राची कवचे : पॉलियुरेथेनचे रसायनशास्त्र ओटो बायर व त्यांचे सहकारी यांनी १९३७ मध्ये लेव्हरकूसेन येथे उभे केले. त्याचा दृढ फेस पोकळीत ओतला की स्वतःच फुगून कोपरे भरतो व दोन्ही पत्र्यांना चिकटतो. त्यामुळे पेटीची भिंत एकसंध व भक्कम होते. घरगुती प्रशीतकाची भिंत याच फेसामुळे पातळ झाली. भारतात प्रशीतकाचे उत्पादन १९५८ मध्ये गोदरेजने सुरू केले. आरंभीच्या दशकांत काचलोकरीचे अस्तर सर्रास वापरीत.

वातानुकूलनाची वाट थोडी निराळी आहे. मुंबईत रीगल चित्रपटगृह (१९३३) वातानुकूलित म्हणून गाजले. ब्लू स्टार (१९४३) व व्होल्टास (१९५४) या कंपन्यांनी पुढे हे तंत्र कार्यालये व कारखाने यांत नेले. हवा थंड करणारी नळ्यांची गुंडाळी, पंखा व गाळण्या ज्या पत्र्याच्या पेटीत बसवितात तिची रचना मुख्यतः थंड देशांत घडली. तेथे हिवाळ्यात आतील हवा उबदार व बाष्पयुक्त असते आणि बाष्प आतून बाहेर सरकते. म्हणून भिंतीत बाष्परोधक थर आतील बाजूस घालण्याचा प्रघात पडला. उष्ण हवेच्या भट्टीच्या कवचात तर बाष्पाची चिंता फारशी नसते. बाहेरचा पत्रा हाताला भाजू नये व उष्णता वाया जाऊ नये एवढे पुरते. कोकणात वातानुकूलन पेटीच्या बाबतीत सर्व उलटे होते. उबदार व दमट बाजू बाहेरची आणि थंड बाजू आतली. बाष्परोध बाहेरच हवा. तो आत बसविल्यास बाहेरून शिरलेले बाष्प निरोधकातच द्रवरूप होते व तेथेच अडकते.

पावसाळ्यातील ३०° से. तापमान व ८५% सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सु. २७° से. असतो. पेटीच्या आत १३° से. ची हवा वाहत असेल, तर १२ मिमी. जाडीच्या काचलोकरीच्या अस्तराने बाहेरील पत्रा सु. २६° से. पर्यंत थंड होतो, म्हणजे त्यावर दव जमून ठिबकू लागते. २५ मिमी. जाडीने पत्रा दवबिंदूच्या किंचित वर, जेमतेम कोरडा राहतो, ५० मिमी. घातल्यास निर्धास्तपणे कोरडा राहतो. कोरड्या हवामानासाठी योग्य ठरणारी पेटी येथे जुलैत ‘घामेजते’ ती यामुळे. छतावर उमटणाऱ्या डागांचा दोष पुष्कळदा यंत्राला दिला जातो.

जाडी वाढविली तरी एक उणीव उरते. पोलादाची संवाहकता फेसाच्या सु. दोन हजारपट असते. त्यामुळे आतील व बाहेरील पत्रे जोडणारा प्रत्येक स्क्रू, कोन किंवा चौकटीची पट्टी उष्णतेचा पूल बनते. ऐंशीच्या दशकापासून प्रचारात आलेल्या दुपत्री पेट्यांत पॉलियुरेथेन दोन पत्र्यांच्या मध्ये सुरक्षित राहू लागला आणि काचलोकरीचे तंतू हवेत मिसळण्याचा व ओल्या अस्तरावर बुरशी वाढण्याचा प्रश्न मिटला. परंतु ॲल्युमिनियमची चौकट घामेजतच राहिली. चौकटीच्या आतील व बाहेरील अंगांमध्ये नायलॉनसारखा मंदवाहक तुकडा घालणे हा त्यावरील उपाय होय. बोईसर–तारापूरसारख्या किनाऱ्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात खारी हवाही लक्षात घ्यावी लागते. जस्तलेपित पत्र्याची कापलेली कडा प्रथम गंजते, तेथून लेप सुटतो व बाष्प फेसापर्यंत पोहोचते. दाराच्या रबरी पट्टीची झीज हे हवा गळण्याचे दुसरे ठिकाण.

फेस फुगविणाऱ्या वायूचा इतिहास स्वतंत्र आहे. पूर्वी वापरला जाणारा सीएफसी–११ हा वायू स्वतः अत्यंत मंदवाहक असल्याने फेस उत्कृष्ट होई. परंतु तो ओझोन थराला घातक ठरला. माँट्रिऑल करार १९८७ मध्ये झाला व भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला. त्यानंतर आलेला एचसीएफसी–१४१बी हा पर्यायही भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाला. मोठ्या कारखान्यांनी सायक्लोपेंटेन स्वीकारला. तो ज्वालाग्राही असल्याने ओतकामाच्या जागी वायुवीजन व ठिणगीरोधक विद्युत् सामग्री यांवर बराच खर्च करावा लागतो. लहान कारखानदारांना हा खर्च झेपणे कठीण असते आणि मासळीच्या पेट्या, होडीचे खण व किरकोळ मापाची वातानुकूलन कवचे बव्हंशी लहान कारखान्यांतच बनतात. त्यांच्यापुढे पाण्याने फुगविलेला फेस हा सुलभ पर्याय आहे; त्याची निरोधनक्षमता थोडी कमी असल्याने तेवढ्याच परिणामासाठी भिंत काहीशी जाड करावी लागते.