पटेलाचा सोपा

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर नागपूरहून धाकट्या दिरांचा फोन आला. "वहिनी, वाड्याला गिऱ्हाईक आलंय. कान्ह्याच्या बाजूला हॉटेल चालवणारे लोक आहेत. त्यांना वाड्याचा इतिहास हवाय, एक पानभर. तुम्ही लिहिता, तर तुम्हीच लिहा. मूळ मालक कोण, कधी बांधला, असं चांगलं काहीतरी."

आमचा वाडा बालाघाटच्या दक्षिणेला, वैनगंगेच्या खोऱ्यातल्या एका गावात आहे. सागाचे खांब, कवेलूचं छप्पर, ओसरीवर पितळी कड्यांची बंगई, धानाच्या दोन मोठ्या कोठ्या. लग्न होऊन मी कारंज्याहून इथे आले तेव्हा घरात सोळा माणसं जेवायला असायची आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांची ताटं उचलली जायची. आता तिथे एक राखणदार राहतो. पावसाळ्यात दोन खोल्या गळतात. विकायला माझी हरकत नव्हती.

कागद घेऊन बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं, "हा वाडा आमच्या पणजेसासऱ्यांनी बांधला." लिहिलं आणि थांबले. कारण वाड्याच्या मागच्या जाड मातीच्या भिंतींच्या भागाला आमच्या आजेसासूबाई नेहमी "पटेलाचा सोपा" म्हणायच्या. "पटेलाच्या सोप्यातून सूप आण गं." चाळीस वर्षं मी तिथून सूप आणलं, पापड वाळत घातले. हा पटेल कोण, हे एकदाही विचारलं नाही.

मग माळ्यावरच्या लाल कापडातल्या बह्या काढल्या. मोडी मला वाचता येत नाही, पण बऱ्याच बह्या देवनागरीत होत्या. संवत १९५३च्या बहीत तो पटेल सापडला. तो गोंड होता. गाव त्याचं होतं. त्याच्या नावापुढे धान लिहिलं होतं, दिढीने. म्हणजे एक खंडी न्यायची आणि पीक आल्यावर दीड खंडी परत करायची. पीक आलंच नाही तर त्या दीड खंडीवर पुन्हा दिढी. तीन वर्षांनी, छप्पनच्या बहीत, धानाचे आकडे संपतात आणि गाव आमच्या नावावर येतं.

संवत १९५३ म्हणजे इंग्रजी १८९६-९७. त्या साली पाऊस ऑगस्टच्या अखेरीस थांबला आणि धान भरलंच नाही. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९००चा, ज्याला आपल्या म्हाताऱ्या छप्पन्या म्हणायच्या तो दुष्काळ आला. १८९१ साली बालाघाट जिल्ह्यात सुमारे तीन लाख त्र्याऐंशी हजार माणसं होती. १९०१च्या शिरगणतीत ती तीन लाख सव्वीस हजारांवर आली. आमची बही त्याच दहा वर्षांची आहे. जिल्ह्याची माणसं कमी होत होती, तेव्हा आमच्या कोठ्या भरत होत्या.

गाव "नावावर" होतं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावं लागेल. भोसल्यांच्या काळात पटेल हा गावाचा वसूल गोळा करून देणारा माणूस होता. १८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारसाशिवाय वारले, १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूरचं राज्य खालसा केलं आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात या वसूल करणाऱ्यांनाच सरकारने गावाचे मालक ठरवलं. तेच मालगुजार. याला हक्क मिळाला असं आपण म्हणतो. पण मालकी मिळाली म्हणजे ती गहाण टाकता येऊ लागली आणि गहाणात बुडूही लागली. सावकाराला पूर्वी फार तर पीक मिळायचं, आता अख्खं गाव मिळू शकत होतं. ब्राह्मण, मारवाडी, आपले जैन, ज्यांच्याकडे रोकड आणि धान होतं त्यांच्याकडे अशी गावं आली. आदिवासी मालकांच्या जमिनी इतक्या हातच्या जाऊ लागल्या की १९१६ मध्ये सरकारला त्या वाचवण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. आमच्या पटेलाला तो सोळा-सतरा वर्षं उशिरा आला.

मालकी बदलण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. शेजारच्या कामठ्याची मोठी जमीनदारी १८१८ साली चिमना पटेलांनी बंड केल्यावर त्यांच्या हातून गेली. तिथे फौज आली होती. आमच्या गावात फौज आली नाही. एक मुनीम आला आणि एक दौत.

पुढे ३१ मार्च १९५१ला मालगुजारी संपली. गावाचं जंगल, पडीक आणि तलाव सरकारजमा झाले. घर आणि घरची शेती मालकाकडेच राहिली. म्हणून तर आज आमच्याकडे विकायला वाडा आहे.

पणजेसासरे वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांनी मंदिराला वेदी दिली, त्यांचं नाव तिथे संगमरवरात आहे. उपास-तापास कडक. माप खोटं ठेवलं नाही, बहीत खाडाखोड नाही. अचौर्य व्रत त्यांनी अक्षरशः पाळलं. पण रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह-परिमाणाचे जे अतिचार सांगितलेत, त्यात अतिसंग्रह आहे, लोभ आहे, झेपेल त्यापेक्षा जास्त भार लादणं आहे. दुष्काळात भरलेली कोठी आणि दिढीचा दर या तिन्हींतून कसा सुटेल? आपण पर्युषणात ही नावं पाठ म्हणतो. बही उघडून बघत नाही.

क्षमावाणीला आपण एकमेकांच्या घरी जातो, ज्यांच्याशी फारसं भांडणही नसतं त्यांची क्षमा मागतो. यंदा मी गावात गेले. पटेलाच्या घराण्यातली एक म्हातारी अजून आहे, गावाच्या टोकाला दोन बांध्या कसते. मी तिला बहीबद्दल सांगितलं. सांगताना माझाच घसा दाटला. ती शेंगा निवडत होती.

"ते तर आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे, बाई," ती म्हणाली. "तुम्हाला आत्ता समजलं का?"

मग तिने विचारलं, "वाडा विकल्यावर आमचं साजाचं झाड कोणाकडे जाईल?"

सोप्यामागे ते झाड आहे. बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. दर वर्षी नवाखाईला त्यांच्या घरचे चार लोक मागच्या दाराने येतात, नवं धान वाहतात आणि जातात. आम्ही त्यांना कधी अडवलं नाही, एवढ्यावरच आम्ही स्वतःला चांगले समजत होतो. साजात गोंडांचा बडादेव असतो. देव तिथेच राहिला होता आणि ते शंभरावर वर्षं आमच्या परवानगीने त्याच्याकडे येत होते.

घरी येऊन मी पान लिहिलं. वाडा कुणाचा होता, कोणत्या साली, कोणत्या दराने आमचा झाला, सगळं. दीर चिडले. "वहिनी, हे वाचून कोण घेईल?" नणंदेने मात्र माझी बाजू घेतली. "दादा, वेदीवर नाव लावता, मग हेही लावा." हॉटेलवाल्यांना पानाचं फारसं काही वाटलं नाही, किंमतही कमी झाली नाही. भांडण झालं ते झाडावरून. तिथे त्यांना पोहण्याचा हौद हवा होता.

दोन महिने लागले. शेवटी दीरच म्हणाले की झाड आणि मागच्या दाराची वाट सोडून बाकीचं द्यायचं, त्यासाठी पैसे थोडे कमी आले तरी चालतील. खरेदीखताचा मसुदा करताना वकिलांनी विचारलं, "वहिवाटीचा हक्क कोणाच्या नावे लिहू?"

मी म्हातारीला फोन लावून दिला. तिने आपलं नाव सांगितलं, नातवाचं सांगितलं. मग म्हणाली, "आमच्या मोठ्या बाबाचं पण लिहा." वकील म्हणाले, मेलेल्या माणसाच्या नावे हक्क लिहिता येत नाही. ते खरंच आहे. म्हणून ते नाव मी माझ्या पानावर, पहिल्या ओळीत लिहिलं.